मेंदूचा डॉक्टर आमच्या वस्तीतून घडायचा तर…

आमच्या वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस झाली की चौकात बॅनर लागतो. विहारात सत्कार होतो, शाल-पुष्पगुच्छ दिले जातात आणि चार वक्ते बाबासाहेबांच्या नावाने भाषणे करतात. हे झालेच पाहिजे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्या समाजाने पदवीचा उत्सव करावा यात गैर काहीच नाही. परंतु सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून त्या डॉक्टरचे पुढे काय होते, याची चौकशी आम्ही करतो काय? तो एमडीला बसला काय? त्याला कोणता विषय मिळाला? आणि एमडीच्याही पुढे आणखी एक पायरी आहे, तिला डीएम किंवा डीआरएनबी म्हणतात, हे तरी आम्हांला ठाऊक आहे काय? पनवेल, कळंबोली, कामोठे या पट्ट्यात चळवळीचे काम करताना आम्ही हा प्रश्न अनेकांना विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते, "डॉक्टर झाला ना साहेब, आता काय राहिले?"

राहिले आहे ते फार मोठे आहे. आज आम्ही त्यातल्या एकाच विषयाबद्दल बोलणार आहोत. तो विषय म्हणजे न्यूरॉलॉजी, मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचे शास्त्र.

कोणी म्हणेल, आमच्या लोकांना साधा ताप-खोकल्याचा डॉक्टर मिळत नाही आणि तुम्ही मेंदूच्या डॉक्टरच्या गोष्टी काय सांगता? ही श्रीमंतांची चैन आहे. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. मेंदूचे आणि मज्जातंतूंचे आजार गरिबाच्या घरी जास्त मुक्काम करतात. डोक्याला पोहोचलेला क्षयरोग, कुष्ठरोगाने बधिर झालेले हातपाय, अस्वच्छ अन्नपाण्यातून पोटात आणि तिथून मेंदूत गेलेल्या जंतामुळे येणारी फिट, मण्यार चावल्यावर लुळे पडणारे शरीर, हे सारे कोणाच्या वाट्याला येते? मॅनहोलमध्ये उतरवलेला सफाई कामगार विषारी वायूतून जिवंत बाहेर आला, तरी प्राणवायू न मिळाल्याने त्याचा मेंदू कायमचा अधू होऊ शकतो. हाताने मैला काढण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. उतरणारा माणूस मात्र अजून आमचाच असतो. आकडी आलेल्या मुलीच्या नाकाला कांदा आणि चप्पल लावणारे, "हिच्या अंगात आलंय" म्हणून बाबाकडे नेणारे लोक आजही आहेत. फिट हा आजार आहे आणि नियमित गोळ्यांनी बहुसंख्य रुग्णांमध्ये तो आटोक्यात राहतो, हे त्या आईला तिच्या भाषेत कोण सांगणार?

२०२५ सालच्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. आकडा दोनशेच्या वर गेला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, पायांपासून अशक्तपणा चढत जातो आणि श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. संशयाचे बोट दूषित पाण्याकडे गेले. म्हणजे नळाला येणारे पाणी हाही मेंदूच्या डॉक्टरचा विषय ठरला. मग हा विषय चैनीचा कसा?

पनवेलपुरते बोलायचे तर प्रश्न आणखी धारदार होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथेच कळंबोलीजवळ सुरू होतो, मुंबई-गोवा महामार्ग पळस्प्याहून फुटतो. अपघातात डोक्याला मार लागलेले मजूर, क्लीनर, दुचाकीस्वार यांचे नुकसानभरपाईचे दावे वकील म्हणून आम्ही पाहतो. हाड मोडले तर क्ष-किरणात दिसते. परंतु डोक्याला मार लागल्यावर माणसाची आठवण जाते, राग अनावर होतो, हात थरथरतो, तो गवंड्याच्या हाताखाली उभा राहू शकत नाही, हे न्यायाधीशांपुढे कोण सिद्ध करणार? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, अपंगत्वाचे टक्के मोजून भागत नाही, त्या अपंगत्वाने माणसाची कमाई किती बुडाली ते पाहावे लागते. आणि नुसते प्रमाणपत्र दाखल करून चालत नाही, ते देणाऱ्या डॉक्टरने साक्षीला यावे लागते. मेंदूचा तज्ज्ञ मुंबईतल्या बड्या रुग्णालयात बसलेला, त्याच्या तारखा मिळेनात, आणि इकडे बिगाऱ्याचा दावा सुनावणीविना पडून. तज्ज्ञ जवळचा नसला, आपला नसला, की गरिबाचा उपचार जातो आणि पुढे न्यायही जातो.

आता ही पायरी चढायची कशी ते पाहू. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी देऊन मेडिसिन विषयात एमडीची तीन वर्षे. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्याला मध्ये एकेक वर्षाची बंधपत्रित सेवा. त्यानंतर नीट-एसएस ही २०१७ पासून देशभर होणारी अतिविशेष शाखांची प्रवेश परीक्षा. तिच्यात दीडशे प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. न्यूरॉलॉजीला जाऊ इच्छिणाऱ्यालाही हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त अशा संपूर्ण मेडिसिनची तयारी करावी लागते. जागा मिळाली की आणखी तीन वर्षे, आणि शेवटी अंतिम परीक्षा. विद्यापीठाकडून मिळते ती डीएम; राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडून मिळते ती डीआरएनबी. वय तिशीच्या पुढे गेलेले असते. बरोबरीचा भाऊ दहा वर्षे कमावतो आहे, बहिणीचे लग्न थांबले आहे, आईची नजर वाटेकडे लागली आहे. पहिल्या पिढीच्या डॉक्टरला हे ओझे घेऊन अभ्यासाला बसावे लागते.

आणि इथेच कायद्याचा दरवाजा बंद होतो, हे आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. एमबीबीएसला आरक्षण आहे, एमडीलाही आहे. अतिविशेष शाखांच्या प्रवेशात मात्र अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. इंद्रा साहनी खटल्याच्या १९९२ सालच्या निकालात काही उच्च पदांवर आणि अतिविशेष शाखांत आरक्षण इष्ट नाही, असे मत नोंदवले गेले. १९९९ साली डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात घटनापीठाने या पातळीवर गुणवत्तेत सवलत देता येणार नाही असे सांगितले. २०१३ साली दिल्लीच्या एम्समधील अध्यापकांच्या खटल्यात पुन्हा तीच दिशा कायम राहिली. कारण एकच सांगितले गेले: देशहित आणि गुणवत्ता.

ठीक आहे. मग गुणवत्तेचे हे सोवळे सर्वत्र पाळले जाते काय? सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून केंद्र सरकारने नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. खासगी महाविद्यालयांच्या लाखो रुपयांच्या जागा रिकाम्या राहण्याची वेळ आली तेव्हा गुणवत्ता कुठे गेली होती? आमच्या मुलाला दहा गुण कमी पडले तर देश बुडतो, आणि धनदांडग्याचा मुलगा शून्यावर पात्र ठरला तर देश तरतो, हा कुठला न्याय? याच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नील नुन्स खटल्यात वेगळा विचारही मांडला आहे. खुल्या परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, त्या गुणांमागे घर, शाळा, भाषा आणि सामाजिक भांडवल उभे असते, असा त्याचा आशय आहे. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. अतिविशेष शाखांच्या प्रश्नावर उद्या जो कायदेशीर लढा उभा राहील, त्याची शिदोरी तिथे आहे.

परंतु न्यायालयातला लढा पुढच्या पिढीसाठी असतो. आज जो मुलगा मेडिसिनच्या एमडीला दुसऱ्या वर्षात आहे, त्याला आज काय द्यायचे? हा आमचा खरा प्रश्न आहे. आणि त्यासाठी अंतिम परीक्षा म्हणजे काय असते, ते वस्तीलाही कळले पाहिजे.

या परीक्षेचे दोन भाग असतात. एक लेखी. डीआरएनबीला प्रत्येकी शंभर गुणांच्या तीन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीला तीन तास, आणि उत्तीर्ण व्हायला एकूण निम्मे गुण. डीएमलाही असाच लेखी भाग असतो. हा भाग कठीण आहे, पण तो आंधळा आहे. उत्तरपत्रिकेला आडनाव नसते. ॲडम्स-व्हिक्टर, ब्रॅडली असे जाडजूड ग्रंथ आणि एक शांत खोली एवढे मिळाले, तर आमचा मुलगा तो भाग काढतो. जिद्द त्याच्या रक्तात आहे.

दुसरा भाग प्रात्यक्षिकाचा. तिथे पुस्तक उपयोगी पडत नाही. ओळख नसलेला रुग्ण समोर ठेवतात. ठरावीक वेळात त्याची कहाणी ऐकायची, डोळ्यांच्या बाहुल्यांपासून तळपायापर्यंत तपासायचे आणि मग परीक्षकांपुढे उभे राहून इंग्रजीत सांगायचे की बिघाड नेमका कुठे आहे आणि कशामुळे आहे. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली, तर बहुधा डाव्या मेंदूत बिघाड. पण चेहऱ्याची डावी बाजू लुळी आणि हात-पाय उजवे लुळे असतील, तर बोट मेंदूच्या देठाकडे जाते. दोन्ही पाय गेले आणि छातीखाली स्पर्श कळत नाही, तर मणक्यातल्या मज्जारज्जूत शोधायचे. तथागतांनी शिकवलेली रीतही हीच आहे: दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण शोधा. परंतु ही शोधाची विद्या हाताला आणि जिभेला बसावी लागते. शेकडो रुग्ण तपासून, वरिष्ठांपुढे शेकडो वेळा बोलून, चुकून, टोकले जाऊन ती बसते.

आणि इथेच जात आत शिरते. ज्याचे वडील डॉक्टर, काका प्राध्यापक, त्याला जेवणाच्या टेबलावर सराव मिळतो. कोणता परीक्षक काय विचारतो, हे त्याला फोनवर कळते. वरिष्ठ निवासी डॉक्टर त्याला रात्री बोलावून म्हणतो, "ये, ही केस चांगली आहे, बघून घे." आमच्या मुलाला ही हाक कोण मारतो? दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरून २००६ साली प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली. २००७ सालच्या तिच्या अहवालात अध्यापकांच्या सहकार्यापासून वसतिगृहापर्यंत आणि तोंडी परीक्षेतल्या वागणुकीपर्यंत भेदभावाच्या तक्रारी नोंदल्या आहेत. आमचा अमरावतीचा सुपुत्र असलेल्या या विद्वानाने जे कागदावर आणले, ते आमची मुले रोज वॉर्डात सोसत होती.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने जीवन संपवले. जळगाव जिल्ह्यातून आलेली, तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याच्या तक्रारीवर ॲट्रॉसिटी कायदा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा यांखाली गुन्हा नोंदवला गेला. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. परंतु पदव्युत्तर वॉर्डात आमची मुले किती एकटी असतात, हे तिच्या मृत्यूने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. एकटेपणात परीक्षेची तयारी होत नाही.

बाहेरच्या जगातही रुग्णाशेजारच्या तोंडी परीक्षेबद्दल प्रश्न उठले आहेत. अमेरिकेत १९३४ साली स्थापन झालेले मनोविकार व न्यूरॉलॉजी मंडळ पूर्वी प्रत्यक्ष रुग्णावर तोंडी परीक्षा घेत असे. आता ती बंद झाली आहे. तिच्याऐवजी प्रशिक्षणाच्या काळातच रुग्ण तपासण्याचे कौशल्य वेगवेगळ्या प्रसंगी पारखले जाते आणि अंतिम परीक्षा संगणकावर होते. आमच्याकडेही एका दिवसाच्या, दोन-चार माणसांच्या मर्जीवर तीन वर्षांची मेहनत का टांगायची? प्रत्येक टप्प्याला ठरलेले गुण, गुणांचे लेखी कारण आणि तोंडी परीक्षेचे ध्वनिचित्रमुद्रण, एवढी मागणी तरी आम्ही करू शकतो. यात आरक्षणाचा प्रश्नच नाही, हा निव्वळ न्याय्य परीक्षेचा प्रश्न आहे.

आता मागणीइतकेच महत्त्वाचे, म्हणजे आपण स्वतः काय करायचे. आमच्या दृष्टीने चार कामे तातडीची आहेत.

पहिले, नोंद. पनवेल तालुक्यातल्या आपल्या समाजातील एमबीबीएस, एमडी, डीएम डॉक्टरांची यादी एका वहीत करा. कोण कोणत्या वर्षाला आहे, कोणाला काय पाहिजे, हे लिहा. आमच्याकडे जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख असतो. डॉक्टरांचा हिशेब का नसावा?

दुसरे, सराव. पनवेलहून जेजे, केईएम, नायर गाठायला लोकलने सव्वा-दीड तास जातो. रविवारी विहाराची एक खोली या मुलांना द्या. रुग्णाला तिथे आणता येणार नाही आणि आणूही नये. परंतु नाव-गाव गाळून तपासलेली केस उभे राहून मांडता येते, आणि पास झालेले आपले दोन वरिष्ठ डॉक्टर परीक्षक होऊन कठोर प्रश्न विचारू शकतात. जे मुंबई-पुण्यात, परदेशात आहेत, त्यांनी मोबाइलवरून तासभर द्यावा. इंग्रजी अडखळते म्हणून कोणी हसणार नाही अशी एक तरी जागा त्या मुलाला मिळाली पाहिजे. तिथे दहा वेळा चुकलेला मुलगा परीक्षेत चुकत नाही.

तिसरे, पैसा आणि वेळ. एमडी झालेल्या मुलाला नीट-एसएससाठी सहा महिने मोकळे हवे असतात. तेवढ्यात घरचे म्हणतात दवाखाना टाक, पाहुणे म्हणतात लग्न कर. आम्ही पालकांना हात जोडून सांगतो, सहा महिने थांबा. आणि मंडळांनी जयंतीच्या डीजेवरचा खर्च निम्मा करून परीक्षा शुल्काचा आणि पुस्तकांचा बिनव्याजी निधी उभारावा. डीजेचा आवाज रात्री थांबतो. मेंदूचा डॉक्टर तीस-पस्तीस वर्षे रुग्ण पाहतो.

चौथे, सरकारकडे मागणी. बार्टी संस्था यूपीएससी, एमपीएससी, बँकेच्या परीक्षांसाठी प्रशिक्षण देते. तिने अतिविशेष वैद्यकीय परीक्षांनाही हात घालावा. आणि तामिळनाडूने जे केले त्याकडे महाराष्ट्राने पाहावे. तिथे सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी अतिविशेष शाखांच्या निम्म्या जागा राखल्या गेल्या आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मार्गाने प्रवेश देण्यास मोकळीक दिली. ग्रामीण रुग्णालयात राबणारा डॉक्टर कोणाचा मुलगा असतो, हे वेगळे सांगायला नको. तो डीएम न्यूरॉलॉजी होऊन उपजिल्हा रुग्णालयात परत आला, तर लकवा झालेल्या माणसाला साडेचार तासांच्या आत गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन इथेच मिळू शकेल. त्या साडेचार तासांत आज आमचा माणूस रुग्णवाहिका शोधत असतो.

आणि ज्यांना अपयश आले त्यांच्यासाठी एक शब्द. पहिल्या फेरीत नापास झालेला मुलगा तोंड लपवतो. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२३ साली परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला होता. पैसा नाही, भारतात परतावे लागले. त्यांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला, पाठवला आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. परत आलेला कागद म्हणजे शेवट नव्हे.

त्याच बाबासाहेबांना आयुष्याच्या उत्तरार्धात मधुमेहाने आणि पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदनांनी छळले. न्यूरायटिस हा शब्द त्यांच्या चरित्रांत पुन्हा पुन्हा येतो. रात्र रात्र झोप नाही, आणि तशा पायांनी ते संविधान सभेत उभे राहत होते. ज्या आजाराने त्यांचे पाय जाळले, त्या आजाराचे तज्ज्ञ त्यांच्या लेकरांमधून घडवणे हे आमचे ऋण आहे. जे घडतील त्यांनीही १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी व्यक्त केलेली खंत विसरू नये. डीएमची पाटी लावल्यावर आठवड्यातला एक दिवस वस्तीचा असला पाहिजे.

येत्या रविवारी आपापल्या विहारात बसा आणि वही उघडा. पहिले नाव कोणाचे लिहायचे, हे प्रत्येक वस्तीला माहीत आहे. जयभीम!